वॉटर्लूचे कथिलाचे सैन्य

दिवाळीत मुलांनी अंगणात रचलेला मातीचा किल्ला आणि त्याच्या बुरुजांवर उभे केलेले मावळे ज्याने पाहिले नाहीत, असा वाचक या मासिकाच्या परिवारात विरळाच. बेळगावात आमच्या बालपणी हे मावळे कुंभाराकडून येत. सर्वांचा चेहरा एकच असे. आणि अंगरखा तांबडा की हिरवा, हा प्रश्न कुंभाराच्या वाटीत त्या दिवशी कोणता रंग उरला होता त्यावरून सुटे. शिबंदीचा खरा वेष कोणता, याची चौकशी कोणी करीत नसे व करण्याचे कारणही नव्हते. युरोपात मात्र हीच चौकशी जन्मभर करीत बसणारी माणसे आहेत. त्यांच्या नादी आम्ही ऐन चाळिशीत लागलो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

निमित्त झाले आमच्या भाच्याचे. त्याने परदेशाहून येताना एक लहानशी पेटी आणली. आत राळेसारख्या पदार्थाचे, राखी रंगाचे पाच-सहा तुकडे होते. एक धड, एक मस्तक, दोन हात, एक बंदूक आणि पाठीवरची पिशवी. सर्व जोडून होणारी मूर्ती अवघी तीन इंचांची. या पदार्थास रेझिन म्हणतात. दोन द्रव एकत्र करून ते रबरी साच्यात ओततात व काही मिनिटांत त्यांचा दगड होतो. साचा मऊ असल्याने कोटाच्या गुंडीच्या भोकापर्यंतचा सर्व तपशील उमटतो. पण तोच साचा काही डझन मूर्ती दिल्यावर फाटतो. म्हणून या मूर्ती थोड्या निघतात व महाग असतात.

काम दिसते तितके सोपे नाही. साच्यास लावलेला तेलकट लेप तुकड्यांवर राहतो. तो साबणाच्या पाण्याने धुतला नाही तर रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो. ओतकामाचा उरलेला दांडा बारीक करवतीने कापावा लागतो, आणि ती धूळ छातीत जाऊ नये म्हणून घासणे पाण्यातच करावे लागते. बुडबुड्यांची छिद्रे लुकणाने भरायची. हात नुसत्या डिंकाने टिकत नाहीत. खांद्यात सुईएवढे भोक पाडून पितळेची तार बसवावी लागते. बंदूक वाकडी आली असेल तर ती गरम पाण्यात बुडवून, मऊ झाल्यावर सरळ करावी, असे भाच्याने बजावले होते. आम्ही वकिली उतावळेपणाने ती थंडच वाकविली. तिचे दोन तुकडे झाले.

मग अस्तराचा राखाडी रंग, आणि त्यावर चेहरा. आमच्याकडे गणपतीच्या चित्रशाळेत डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, सिद्ध हाताकडून होते. मूर्तीत जीव येतो तो त्या क्षणी. या शिपायांचे रंगारी बहुधा उलट करतात. ते चेहरा आधी करतात, कारण चेहरा बिघडला तर पुढील श्रम वाया जातात. दोन्ही रीतींत शहाणपण आहे, पण आम्ही आपली जुनीच रीत धरली. दुसरा धडा अधिक विलक्षण वाटला. तीन इंचांच्या मूर्तीवर पडणारा खरा उजेड डोळ्यास पुरत नाही. म्हणून घडीच्या माथ्यावर फिका व खाचेत गडद रंग देऊन उजेडसुद्धा रंगवावा लागतो.

हा शिपाई कोण, हे अद्याप सांगितले नाही. तो १८१५ सालचा प्रशियन ‘लांडवेर’चा, म्हणजे प्रांतोप्रांती उभारलेल्या लोकसेनेचा शिपाई. निळा लांब कोट, टोपीवर पांढरा क्रूस, खांद्यावरून तिरकी गुंडाळलेली थंडीची वस्त्रे. त्याच्या गळपट्टीचा रंग प्रांतागणिक बदले. सायलीशियाचा पिवळा, पोमेरेनियाचा पांढरा. आमचा शिपाई सायलीशियाचा होता म्हणून पिवळा रंग घोटता घोटता सहज मनात आले, की हे इतके नेमके कळले तरी कोणाच्या साक्षीवरून? या प्रश्नाच्या मागे जाता जाता आम्ही ज्या माणसापाशी पोहोचलो, त्याची कथा कोणत्याही दिवाणी दाव्याहून कमी गुंतागुंतीची नाही.

कथिलाचे शिपाई त्याच्या पूर्वीही होते. न्यूरेंबर्ग येथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट घराण्याने चपट्या कथिली शिपायांचा धंदा नावारूपास आणला; पुढे १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने आतून पोकळ शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ती काढून ते घरोघर पोहोचविले. परंतु ही खेळणी होती. त्यांना पुराव्याचा दर्जा देण्याचा खटाटोप केला तो कॅप्टन विल्यम सायबोर्न याने.

सायबोर्न १७९७ साली जन्मला. वॉटर्लूच्या लढाईत तो नव्हता. लढाईनंतर फ्रान्समध्ये ठेवलेल्या इंग्रज फौजेत तो दाखल झाला. जमिनीची मोजणी व तिचे उठावाचे नकाशे करणे ही त्याची विद्या. त्यावर त्याने पुस्तके लिहिली होती. १८३० साली सरसेनापती लॉर्ड हिल यांच्याकडून त्याला वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. त्याने ला हे सँत या शेतघरात सुमारे आठ महिने मुक्काम ठोकून टेकडी, ओहोळ, कुंपण यांची मोजणी केली. जमीन जमली. आता तिच्यावर माणसे उभी करायची, आणि त्यासाठी त्याने एकच घटका निवडली. १८ जून १८१५ ची संध्याकाळ, सुमारे सात वाजण्याचा सुमार.

त्या वेळी कोण कोठे होते? सायबोर्नने हयात अधिकाऱ्यांस प्रश्नपत्रे धाडली. तुमची पलटण कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कसा उभा होता, शेतात कोणते पीक होते? उत्तरादाखल आलेल्या शेकडो पत्रांचा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यांतील निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ साली प्रसिद्ध केली. आमच्या व्यवसायात एकोणीस-वीस वर्षांनी दिलेल्या साक्षीचे मोल काय असते, हे वाचकांस सांगणे नको. साक्षीदार खोटे बोलतो असे नव्हे. त्याने जे पाहिले, जे नंतर ऐकले आणि जे आपल्या पलटणीच्या लौकिकास शोभेल, ते त्याच्या स्मरणात एकत्र मुरलेले असते. सायबोर्नने या साक्षी परस्परांशी ताडून पाहिल्या, आणि प्रशियन सेनाधिकाऱ्यांकडूनही माहिती मागविली. दुसऱ्या बाजूस नोटीस देणारा हा मनुष्य आम्हांस तरी आदरणीय वाटतो.

त्याचे दुर्दैव तेथेच सुरू झाले. १८३३ साली सरकारने पैसा बंद केला. तो कर्ज काढून पुढे गेला. एकूण खर्च सुमारे तीन हजार पौंडांवर पोहोचला. आणि पटावर प्रशियन शिपाई दिसू लागले तशी वरून नापसंती कळू लागली. सात वाजेपर्यंत ब्लूखरच्या सैन्याचा मोठा भाग रणात उतरला होता. प्लांसन्वा गावासाठी घनघोर झुंज चालली होती, आणि तीत सायलीशियाची लोकसेना होती. हे सर्व पटावर दाखविले की नेपोलियनचा पराभव एकट्या इंग्रजांचा राहत नाही. ड्यूक ऑफ वेलिंग्टन यास ते मान्य नव्हते. पत्रव्यवहार चाले तो लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेटमार्फत. वॉटर्लूवर उजवा हात गमावलेला, पुढे लॉर्ड रॅग्लन म्हणून क्रिमियात गेलेला, तोच हा.

येथे आमच्यातील वकील जागा होतो. लढाईच्या दुसऱ्या दिवशी, १९ जून १८१५ रोजी, याच ड्यूकने सरकारास पाठविलेल्या खलित्यात त्या दिवसाच्या यशाचे श्रेय प्रशियनांनी वेळेवर केलेल्या साह्यास मोकळेपणाने दिले आहे. ताजा लेख एक सांगतो आणि दोन दशकांनंतरचा आग्रह दुसरेच. ड्यूकच्या बाजूनेही बोलता येते. एका घटकेचा पट कितीही खरा असला तरी दिवसभराच्या झुंजीचा भार तो दाखवू शकत नाही, व पाहणाऱ्याचा गैरसमज होतो. हा आक्षेप पोकळ नाही, आणि इतिहासकारांत याविषयी आजही एकमत नाही. पण आक्षेपास उत्तर म्हणून साक्षीदारालाच पटावरून उठवून लावावे, हे आम्हांस पटत नाही.

१८३८ साली लंडनच्या पिकॅडिलीतील इजिप्शियन हॉलमध्ये हा पट लोकांसमोर मांडला गेला. लांबी-रुंदी वीस-एकवीस फुटांच्या घरात, आणि त्यावर दहा मिलिमीटर उंचीचे सत्तर हजारांहून अधिक शिपाई. सुमारे लाखभर लोकांनी एकेक शिलिंग देऊन तो पाहिला. एक लाख शिलिंग म्हणजे पाच हजार पौंड. पण सायबोर्नचे कर्ज फिटले नाही. अखेर त्याने हार मानली आणि हजारो प्रशियन शिपाई पटावरून काढून घेतले. १८४४ साली त्याने त्या युद्धाचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला, आणि १८४९ साली तो वारला.

ग्वाल्हेरच्या वाचकांस ड्यूकची निराळी ओळख आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला जनरल आर्थर वेलस्ली तो हाच. पुढच्या आयुष्यात असई हेच तो आपले सर्वांत सरस युद्धकर्म समजे, असे सांगतात. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफांवर अखेरपर्यंत तग धरला, हे आपण वाचतो ते बहुतांशी इंग्रजांच्या लेखणीतून. त्या गोलंदाजांस प्रश्नपत्र पाठविणारा सायबोर्न आपल्याकडे झाला नाही. त्यांच्यापैकी एखाद्याची मूर्ती उद्या कोणी आमच्या हाती दिली, तर गळपट्टीसाठी कोणता रंग घोटावा हे आम्हांस सांगता येणार नाही.

सायबोर्नचा पट आता लंडनच्या चेल्सी भागातील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, प्रशियन कमी केलेल्या त्याच स्थितीत. आमच्या सायलीशियन शिपायावर वार्निशाचा शेवटचा हात वाळला, तेव्हा भाच्याने विचारले, ‘मामा, याला ठेवायचे कोठे?’ पुराव्याच्या कायद्याच्या जाड्या ग्रंथाशेजारी थोडी जागा होती. तेथे तो उभा आहे. गळपट्टी पिवळी, बंदूक मात्र जोडाच्या जागी किंचित वाकडी आहे.