खर्डा १७९५ : अभिरूप परिषदेत कोणती खुर्ची मागाल?

मॉडेल युनायटेड नेशन्स, अर्थात अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद, आता आपल्याकडील महाविद्यालयांनाही नवी राहिलेली नाही. विद्यार्थ्याला एक देश मिळतो, त्या देशाच्या वतीने तो बोलतो, वाटाघाटी करतो आणि शेवटी ठरावावर मत देतो. इतिहासप्रेमींना मात्र अधिक ओढ असते ती ऐतिहासिक क्रायसिस कमिटीची. तेथे देशाऐवजी व्यक्ती मिळते, घड्याळ भूतकाळातील एखाद्या दिवशी लावलेले असते आणि चर्चा रंगात आली की बाहेरून एखादी बातमी येऊन सगळे हिशेब उलटेपालटे करते. विषय बहुधा ठरलेले असतात : १९१९चे व्हर्साय किंवा १९६२चे क्यूबा. अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी इतक्या दूर जाण्याचे खरे तर कारण नाही. जामखेड तालुक्यात खर्डा आहे.

खर्ड्याची लढाई आपण शाळेत दोन ओळींत वाचतो. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजाम अलीखानाचा पराभव केला आणि पेशव्यांच्या निशाणाखाली सर्व मोठे सरदार एकत्र येण्याचा तो अखेरचा प्रसंग ठरला. परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती होते. शिंदे, होळकर व नागपूरकर भोसले यांच्या फौजा सोबत होत्या. वीस वर्षांचे सवाई माधवराव आणि नाना फडणवीस स्वतः मोहिमेवर होते. दोन्ही बाजूंस लाखाच्या वर माणूस असल्याचे आकडे जुन्या ग्रंथांत आढळतात. प्रत्यक्ष लढाई मात्र एका दिवसात आटोपली. रात्री घबराट उडून निजामाने खर्ड्याच्या लहानशा किल्ल्याचा आश्रय घेतला. तेथे पाण्याचे हाल झाले आणि काही दिवसांतच तहाची बोलणी सुरू झाली.

म्हणूनच समितीचे घड्याळ ११ मार्चला लावू नये, असे मला वाटते. त्या दिवशी बोलण्यासारखे कोणाकडेच फारसे उरलेले नव्हते. घड्याळ १७९४च्या अखेरीस लावा. महादजी शिंदे फेब्रुवारीत वारले आहेत. चौथाई व सरदेशमुखीच्या थकबाकीचा वाद कित्येक वर्षे कागदांवरून फिरत आहे; पुणे हिशेब मागते, हैदराबाद त्या हिशेबालाच हरकत घेते. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क पेशव्यांच्या वकिलांना म्हणतो की, हिशेब समजावून द्यायला नानांनी स्वतः यावे. नाना कसे येतील, असे वकिलांनी विचारताच, ते कसे आणायचे हे मी दाखवीन, असे उत्तर त्याने दिले, अशी कथा ग्रँट डफने नोंदवली आहे. कथा शब्दशः खरी असो वा नसो, दोन दरबारांमधली भाषा कोठवर घसरली होती, याची कल्पना तीवरून येते.

आता खुर्च्यांकडे वळू. नानांची खुर्ची सर्वांनाच हवी असते. माझ्या मते तिच्याहून कठीण खुर्ची हैदराबादेतील पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांची आहे. वकिलाला स्वतःचे मत असते, परंतु अधिकार उसना असतो. पुण्याची आज्ञा येईपर्यंत होही म्हणता येत नाही आणि नाहीही. डाक दिवसचे दिवस वाटेत असते. तोवर समोरच्याला खेळवत ठेवायचे, अपमान गिळायचा आणि त्याच अपमानाचे वर्णन पत्रात नेमक्या मात्रेत करायचे. फार तिखट लिहिले तर युद्ध, फार सौम्य लिहिले तर मालकाची फसगत. अभिरूप परिषदेत नवखा प्रतिनिधी पहिली चूक येथेच करतो. आपल्या खुर्चीला जेवढा अधिकार आहे त्याहून अधिक कबूल करून तो मोकळा होतो. पोझिशन पेपर लिहिणाऱ्याने वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ जरूर उघडावा. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रांवरून त्या काळची वाटाघाटीची भाषा कानात बसते.

आणि एक खुर्ची अशी, जी कोणीच मागत नाही. ती इंग्रजांची. खर्ड्यावर त्यांनी काहीच केले नाही, मग बोलायचे काय, असा समज असतो.

वास्तविक सर्वांत मोठा वाद याच खुर्चीत दडलेला आहे. १७९० साली इंग्रज, पेशवे व निजाम यांनी टिपूविरुद्ध एकत्र तह केला होता. १७९२ मध्ये ते युद्ध संपल्यावर कॉर्नवॉलिसने तिघांनी परस्परांच्या मुलखाची हमी घेणारा नवा करार सुचवला. निजामाला तो हवाच होता. नानांना नको होता, कारण हमी मान्य केली असती तर निजामाकडील येणे वसूल करण्याचा मार्गच बंद झाला असता. करार झाला नाही. पुढे निजामाने मदत मागितली तेव्हा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरपुढे प्रश्न उभा राहिला : दोन दोस्त आपसांत लढत असतील तर तिसऱ्याने काय करावे? १७८४चा ब्रिटिश कायदा कंपनीला हिंदुस्थानात नवी युद्धे ओढवून घेण्यास मनाई करत होता. शिवाय मराठ्यांशी बिघाड झाला तर टिपू संधी साधेल, ही भीती होतीच. शोअर तटस्थ राहिला. निजामाच्या पदरी असलेल्या इंग्रजी पलटणींनाही या युद्धात उतरू दिले नाही.

मतदानात ‘तटस्थ’ हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! येथे त्याची किंमत पाहा. खर्ड्याच्या तहात निजामाने दौलताबादसह मोठा मुलूख देण्याचे, सुमारे तीन कोटी रुपये भरण्याचे आणि मुशीर-उल-मुल्काला पुण्याच्या स्वाधीन करण्याचे मान्य केले. परतल्यावर त्याने इंग्रजी पलटणींना निरोप दिला आणि फ्रेंच सेनानी रेमाँची कवायती फौज वाढवली. त्याच वर्षी त्याचा मुलगा अलीजाह याने बंड केले, तेव्हा मात्र त्या पलटणी पुन्हा बोलावण्याची वेळ आली.

पुण्याचे नशीब याहून विचित्र निघाले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून पडले आणि २७ तारखेला वारले. गादीच्या भांडणात नानांना पुणे सोडावे लागले. ज्याला कैद करून आणले, त्याच मुशीर-उल-मुल्काची मदत आता त्यांना हवी होती. १७९६ मध्ये महाडास झालेल्या करारात खर्ड्याला मिळवलेले परत देण्याचे नानांनी कबूल केले. पुढे दुसऱ्या बाजीरावाने त्यावर घासाघीस केली, परंतु विजयाची धार बोथट व्हायची ती झालीच. दीड वर्षापूर्वी लाखाची फौज घेऊन जे जिंकले, ते एका माणसाच्या अडचणीपोटी सैल झाले.

मुशीर-उल-मुल्क सुटून हैदराबादेस गेला आणि पुन्हा दिवाण झाला. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने वेलस्लीशी तैनाती फौजेचा तह केला. त्या वाटाघाटींत हैदराबादचा प्रमुख माणूस तोच होता. पुण्याच्या कैदेत मराठी राजकारणातले तडे त्याने अगदी जवळून पाहिले होते. पुढच्याच महिन्यात फ्रेंच फौज निःशस्त्र करण्यात आली.

तेव्हा, अशी समिती कोणी भरवलीच, तर चेअरला माझी एकच विनंती आहे. तहावर सह्या झाल्या की टाळ्या वाजवून सभा उठवू नका. मध्यंतरानंतर सर्वांना पुन्हा बसवा, सवाई माधवरावांच्या मृत्यूची बातमी टेबलावर ठेवा आणि इंग्रजांच्या खुर्चीतील विद्यार्थ्याला प्रथम बोलू द्या. नाना झालेल्या विद्यार्थ्याला त्यानंतर आपल्या कैद्याशी बोलावे लागेल. समितीला तिसरा दिवस असेल तर तो ऑगस्ट १८०३चा असावा. त्या महिन्याच्या १२ तारखेला, खर्ड्याच्या वायव्येस असलेला नगरचा भुईकोट किल्ला शिंद्यांच्या किल्लेदाराने आर्थर वेलस्लीच्या हवाली केला. निजाम तेव्हा इंग्रजांच्या बाजूस होता.