रुमाल टाकून जागा

जागा धरण्याची कला आपण एस.टी.त रुमाल टाकून शिकतो. फुलसावंगीकरांना तर ती उपजतच. म्हणूनच मेव्हण्याने आईला परदेशी क्रूझवर न्यायचे ठरवले, तेव्हा विमानातली सीट सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी इतिहासच काढून बसलो.

बोटींच्या काळात म्हणे साहेबलोक हिंदुस्थानात येताना डावीकडची केबिन घेत, परतताना उजवीकडची. उन्हाचा ताप चुकावा म्हणून. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. त्याच्या आद्याक्षरांचा झाला ‘पॉश’! कथा झकास, पण तसा शिक्का असलेले एकही तिकीट सापडलेले नाही. आम्ही बँकेत व्हाउचरशिवाय पाच रुपये सोडत नाही. इथे अख्खा शब्द सुटला. शिवाय आपण निघणार मुंबईहून, म्हणजे आपला पॉश उलटा!

पुढे 8 जून 1948 ला एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हा करीत लंडनला निघाली. प्रवासी अवघे 35. खिडकीवरून भांडणार तरी किती?

सासूबाईंचे पाय सुजतात. तासातासाला उठता यावे म्हणून मी वाटेकडेची सीट सुचवली.

आमच्या गावात विमानाचा विषय निघाला की हसणे जरा आवरते. ऑगस्ट 2021 मध्ये इथल्या एका तरुणाने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते लागून जीव गमावला.

सासूबाई म्हणाल्या, “त्या पोराले वरून खाली पाहाचं होतं. मले खिडकीच पाह्यजे, जावईबापू.”

मेव्हण्याला कळवले : खिडकी. जास्तीचे पैसे लागतील.