पट्टीवरची लाल रेघ: सोन्याचे नॅनोकण रेणू कसा ओळखतात?

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये सिद्धेश्वरहून अण्णांचा फोन आला. ताप, अंग ठणकणं, डोळ्यांच्या मागे दुखणं, आणि हे सगळं सहा दिवसांपासून. एका खासगी लॅबमध्ये डेंग्यूची 'एनएस१' पट्टी केली होती. तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला, त्यात एकच रेघ होती. मी पुण्यात बसून सांगून टाकलं, "निगेटिव्ह आहे, व्हायरल असेल." अण्णा म्हणाले, "मंग मला झालंय तरी काय?"

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात आयजीएमची एलायझा चाचणी झाली. रिपोर्ट आला तो डेंग्यूचा. तोवर प्लेटलेट्स बऱ्याच उतरल्या होत्या.

मी सॉफ्टवेअरवाला. एक रेघ म्हणजे ०, दोन रेघा म्हणजे १, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चूक पट्टीची नव्हती, माझ्या वाचण्याची होती. त्यानंतर या पट्टीच्या आत नेमकं काय चालतं ते मी नीट समजून घेतलं.

कण रंग देतो, ओळखत नाही

आमचा हिंगोली जिल्हा हळदीचा. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो हे घरोघरी माहीत आहे. तिथे हळदीचा रेणू स्वतःच बदलतो. पट्टीवरची रेघही लाल, पण तिथे गोष्ट वेगळी आहे. अशा बहुतेक पट्ट्यांत सोन्याचे २० ते ४० नॅनोमीटरचे कण असतात. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. इतक्या लहान कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र झुलतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात. उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्येच सोन्याचं हे लाल द्रावण अभ्यासलं होतं. म्हणजे कण आधीपासूनच लाल असतात. पट्टीवर ते एका जागी गोळा झाले की रेघ दिसते, नाही झाले की दिसत नाही.

मग ओळखण्याचं काम कोण करतं? कणावर चिकटवलेल्या अँटिबॉडी. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची ही प्रथिनं. वरच्या दोन फांद्यांच्या टोकाला एक खाच असते आणि त्या खाचेत ठरावीक रेणूचा ठरावीक भागच बसतो.

खरी गंमत, आणि खरी डोकेदुखी, इथून सुरू होते. अँटिबॉडी सोन्यावर उलटी चिकटली, म्हणजे फांद्या खाली आणि देठ वर, तर ती असून नसल्यासारखी. फार दाटीवाटीने बसल्या तर रेणूला आत शिरायला जागा राहत नाही. विरळ बसल्या तर उघड्या सोन्यावर रक्तातलं कुठलंही प्रथिन येऊन बसतं. म्हणून ती मोकळी जागा गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनसारख्या निरुपद्रवी प्रथिनाने आधीच भरून टाकतात. द्रावणात मीठ जास्त झालं तर कणांवरचा विद्युतभार झाकला जातो, एकमेकांना दूर ढकलणारे कण गुठळ्या करतात आणि लाल रंग निळसर होतो. दोन पट्ट्यांत एकच सोनं असूनही एक चांगली आणि दुसरी भंगार निघते ती या पृष्ठभागामुळे.

आणखी एक. हे बसणं कायमचं नसतं. रेणू खाचेत येतो, सुटतो, पुन्हा येतो. रेणू भरपूर असतील तर बहुतेक खाचा भरलेल्या राहतात, कमी असतील तर बहुतेक रिकाम्या.

हे बसणं बघायचं कसं?

कणाला लागून काही मोजक्या नॅनोमीटरच्या थरात एखादा रेणू येऊन बसला, तरी कणाने गिळलेला प्रकाश किंचित बदलतो. आयआयटी मुंबईतल्या व्ही. व्ही. आर. साई, तपनेंदु कुंडू आणि सौम्यो मुखर्जी यांनी याच गोष्टीचा उपयोग करून २००९ मध्ये एक सेन्सर मांडला. त्यांनी ऑप्टिकल फायबर इंग्रजी यूसारखा वाकवला आणि त्या बाकावर सोन्याचे कण बसवले. फायबरमधून जाणारा प्रकाश बाकापाशी थोडा बाहेर डोकावतो आणि कणांना भेटतो. पलीकडे प्रकाश किती पोहोचला ते मोजत राहिलं की रेणू बसताना जवळजवळ डोळ्यांदेखत कळतं. साधी पट्टी फक्त शेवटचा निकाल दाखवते, इथे सगळी हालचाल दिसते.

अण्णांच्या पट्टीत काय झालं असेल?

डेंग्यूच्या पट्टीत एनएस१ हे विषाणूचं प्रथिन दोन अँटिबॉडींच्या मधे पकडलं जातं. एक सोन्याच्या कणावर, दुसरी पट्टीच्या कागदावर रेघेच्या जागी. एनएस१ मधे अडकला तरच लाल कण तिथे थांबतात. पण तापाच्या पाचव्या-सहाव्या दिवसानंतर रक्तातलं एनएस१ कमी होत जातं. शिवाय रुग्णाच्या शरीराने स्वतःच्या अँटिबॉडी तयार केलेल्या असतात आणि त्या एनएस१ला आधीच वेढून बसतात. पट्टीवरची अँटिबॉडी जिथे धरणार ती जागाच झाकलेली! पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर हे जास्त लवकर घडतं. अण्णांना काही वर्षांपूर्वी असाच ताप येऊन गेला होता.

आणि ती जी एक रेघ दिसत होती ना, ती कंट्रोल रेघ. कणावरची अँटिबॉडी पकडणं एवढंच तिचं काम. ती उमटली म्हणजे द्रव शेवटपर्यंत वाहिला आणि कण पोहोचले. एनएस१ ओळखता आलं असतं की नाही, यावर ती काहीच बोलत नाही.

आयजीएमच्या एलायझात भूमिका उलट होतात. तिथे रुग्णाची अँटिबॉडी हाच शोधायचा रेणू असतो आणि ती साधारण पाचव्या दिवसानंतरच पुरेशी सापडते. सरकारी रुग्णालयांत त्यासाठी वापरली जाणारी किट्स पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात. सरकारी कार्यक्रमातही झटपट पट्टीवर डेंग्यू पक्का धरत नाहीत, त्यासाठी एलायझा लागते.

आता गावाकडून कोणी पट्टीचा फोटो पाठवला की मी दोन गोष्टी विचारतो: ताप कितव्या दिवशीचा आहे, आणि पट्टी टाकल्यावर किती मिनिटांनी फोटो काढला. किटवर लिहिलेली वेळ, बहुधा १५ ते २० मिनिटं, उलटून गेली की पट्टी वाळताना कधीकधी पुसट खोटी रेघ उमटते. आणि उत्तर काहीही आलं तरी निकाल मी सांगत नाही, दवाखान्यात जायला सांगतो.