बरोबरीचा गोल

मोबाईल खिशातच राहू द्या. या देशातला पहिला मोबाईल कॉल याच शहरातून लागणार आहे, पण त्याला अजून ८४ वर्षं अवकाश आहे. आज २९ जुलै १९११, शनिवार. तुम्ही कलकत्त्याच्या मैदानावर उभे आहात आणि समोर फक्त माणसांच्या पाठी दिसताहेत. फुटबॉल नावाची वस्तू इथे कुठे तरी आहे, एवढं गोंगाटावरून कळतंय.

गर्दी किती? कुणी ६० हजार म्हणेल, कुणी ८० हजार. बाहेरगावच्या लोकांसाठी रेल्वेने खास गाडी सोडली, नदीतून जादा स्टीमर आले. झाडांवर माणसं लटकली आहेत. मागच्यांना काही दिसण्याची सोयच नाही, म्हणून गोल झाला की पतंगावर आकडा लिहून तो आकाशात चढवायचा असं ठरलंय. तुमच्या शेजारचा माणूस दोन तास मान वर करून उभा आहे. आभाळ अजून कोरं आहे.

तुम्हाला इथे धाडलंय एका भांडणाने. अजून शंभरएक वर्षांनी, याच तारखेला, याच मैदानाच्या एका कोपऱ्यात मोहन बागान क्लबच्या आवारात तिघं जण स्ट्यू आणि टोस्ट खात वाद घालत बसलेत. एक ऐंशीच्या पुढचे दादू, एक पन्नाशीतला गृहस्थ, एक कॉलेजातला पोरगा. विषय एकच : क्लबच्या इतिहासातला सगळ्यात निर्णायक क्षण कोणता? दादू म्हणाले, “अभिलाष घोषचा गोल. त्याच्यापुढे बाकी सगळं भाजीपाला.” पोरगा म्हणाला, “दादू, तुम्ही तरी तो कुठे पाहिलाय?” यावर दादूंनी जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

म्हणून जाऊन बघा. चला, तुम्हाला रेषेपाशी घेतो. कालप्रवाशाला तिकीट लागत नाही.

आयएफए शील्डची अंतिम लढत. समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, बूट घातलेले गोरे सैनिक. इकडे मोहन बागानचे अकरा, त्यातले दहा अनवाणी. बूट फक्त बचावाला असलेल्या सुधीर चटर्जींच्या पायात. हे वाचताना गोड वाटतं, पण इथून जरा बघा. चेंडूसाठी दोन पाय एकदम येतात, एकाला जाड कातडं, दुसऱ्याला नुसती बोटं, आणि तुमचाच पाय चपलेत आखडतो. अनवाणी खेळाडू मात्र मागे घेत नाही.

मध्यंतरापर्यंत गोल नाही. उत्तरार्धात फ्री किक मिळते, सैनिकांचा जॅक्सन ती घेतो आणि चेंडू बागानचा गोलरक्षक हीरालाल मुखर्जीला चुकवून आत जातो. ०-१. एवढ्या हजारो माणसांचा एकदम बसलेला आवाज तुम्ही पूर्वी कधी ऐकला नसेल. पतंग वर जातो आणि मागच्यांनाही कळतं.

आता डावीकडे बघा. तो शिवदास भादुरी, कप्तान. वेळ थोडाच उरलाय. त्याचा थोरला भाऊ विजयदासही याच फळीत आहे. शिवदास चेंडू घेऊन बचावफळीत घुसतो आणि क्रेसी या गोलरक्षकाला चकवून मारतो. १-१. शेजारचा माणूस तुम्हाला मिठी मारतो, त्याला तुम्ही कोण, कुठल्या जातीचे, काही विचारायचं सुचत नाही.

आणि दोनेक मिनिटं उरली असताना पुन्हा शिवदास. सगळे बचावपटू त्याच्याकडे खेचले जातात आणि तो चेंडू अभिलाषकडे देतो. २-१. यापुढचं पतंगावर वाचायची गरज कुणालाही राहत नाही.

सामन्यानंतरची एक गोष्ट बंगालमध्ये सगळे सांगतात. फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून एका म्हाताऱ्याने विचारलं म्हणे, “तो कधी उतरणार?” कुणी तरी म्हणालं, “पुन्हा शील्ड जिंकाल तेव्हा.” बागानने पुढची शील्ड जिंकली १९४७ मध्ये! मला ही गोष्ट जरा जास्तच नेटकी वाटते. अशा गोष्टी नंतर शिवल्या जातात. १९११ च्याच डिसेंबरात राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली, तिचं श्रेयही काही जण या सामन्याला देतात. ते सोडून द्या.

पन्नाशीतला गृहस्थ घसा खाकरतो. त्याचं म्हणणं वेगळं. त्याच्यासाठी चला २४ जुलै १९७६ ला, कलकत्ता लीगमधली प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालविरुद्धची लढत. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने ५-० ने धुतलंय. हा आकडा क्लबच्या आवारात मोठ्याने उच्चारायचा नसतो. १९७० पासून सलग सहा वर्षं लीगही त्यांचीच. तुम्ही अजून बसायला जागा शोधताय, तेवढ्यात मोहम्मद अकबरचा चेंडू जाळ्यात. १७ सेकंद. बाजूचा माणूस विडी पेटवत होता, त्याने गोल पाहिलाच नाही. तो उरलेला पूर्ण सामना स्वतःला शिव्या देणार आहे. तोच एक गोल, निकाल १-० आणि त्या वर्षी लीग परत बागानकडे. माशाच्या बाजारात कोळंबीचा भाव चढतो, कारण बागान जिंकलं की घरी कोळंबी आणि ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा, हे ठरलेलंच.

जाता जाता पेलेही बघून घ्या. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, पावसाने मैदानाचा चिखल, समोर न्यूयॉर्क कॉसमॉस. आठवड्यात पेले निवृत्त होणार आहे. गौतम सरकार त्याला सावलीसारखा चिकटलाय. पेले मोकळा सुटतो तेव्हा गोलरक्षक शिवाजी बॅनर्जी पुढे झेपावून त्याच्या पायांतून चेंडू उचलतो. पुढे पेनल्टीवरून कॉसमॉसची बरोबरी होते, २-२. तो निर्णय मैदानाने अजून माफ केलेला नाही. सुंदर संध्याकाळ, पण मैत्रीपूर्ण सामना. त्याने तक्त्यात काही हललं नाही. त्या मोसमात बागानने शील्ड, ड्युरँड आणि मुंबईत रोव्हर्स कपही जिंकला. त्या वर्षांत तिथल्या कूपरेज मैदानावर जाणारे कुणी तुमच्या घरात असतील तर त्यांना विचारा.

आता पोराचा क्षण. ३१ मे २०१५, बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, आय-लीगचा शेवटचा दिवस. बागानचे ३८ गुण, बेंगळुरू एफसीचे ३६. बागानला बरोबरी पुरते, हरले तर बेंगळुरू ३९ वर जाऊन विजेतं. ४१ व्या मिनिटाला जॉन जॉन्सन गोल करतो आणि कोलकात्याहून आलेल्या गठ्ठ्यात सगळे घड्याळं बघू लागतात. तेरा वर्षं राष्ट्रीय लीग नाही. ८७ वं मिनिट, सोनी नॉर्देचा कॉर्नर, नायजेरियाचा बेलो रझाक सगळ्यांच्या वर उठतो. हेडर. १-१. मोबाईल आता चालू करा, इथे रेंज आहे. शेजारचा पोरगा घरी फोन लावून नुसता रडतोय.

तिघांचं भांडण मिटलं नाही, मिटणारही नाही. पण तुम्ही सगळीकडे जाऊन आलात, तेव्हा निकाल द्यायला हरकत नाही. अकबरच्या गोलनंतर ईस्ट बंगालकडे पूर्ण सामना होता. अभिलाषचा गोल झाला नसता तर सामना बरोबरीत राहिला असता. उपांत्य फेरीत मिडलसेक्सशी १-१ झालं तेव्हा बागान पुन्हा खेळलं आणि ३-० ने जिंकलं. म्हणजे अभिलाष चुकला असता तरी दार उघडं होतं. शिवदास चुकला असता तर बंद. बेलोचंही तसंच. वर्षानुवर्षं गळ्यात हार पडतो तो विजयी गोल मारणाऱ्याच्या, आणि त्याच्या आधी बुडत्याला वर ओढणारा बरोबरीचा गोल दुसऱ्या ओळीत जातो.

माझं मत शिवदास भादुरीच्या पहिल्या गोलाला, त्याच्या खालोखाल बेलोला. दादूंना हे मान्य नाही. तुम्हालाही नसेल, तर तुमचा गोल सांगा. मात्र सांगताना एका प्रश्नाचं उत्तर द्या. तो झाला नसता तर तुमचा संघ हरला असता का?