पावरी, बीन आणि विद्युत्-स्वर : खानदेशी वरातीतील एका ध्वनीचा पूर्वेतिहास

धुळे व जळगाव या जिल्ह्यांतील लग्नाच्या वरातीत पावरीचा म्हणून जो स्वर ऐकू येतो, तो पुष्कळदा पावरीतून निघालेला नसतो. बँडपथकाच्या गाडीवरील विद्युत् कळफलकावर, ज्याला वादक सर्रास 'कीबोर्ड' वा 'कॅसिओ' म्हणतात, तो उत्पन्न केलेला असतो. त्याच्या साथीचा संबळही अनेकदा ऑक्टोपॅडवर वाजत असतो. ही नक्कल म्हणून तिची हेटाळणी करणे सोपे आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न निराळा आहे. एका वाद्याचा स्वर दुसऱ्या यंत्रावर वठविताना त्यातील नेमके काय टिकते आणि काय गळते, हा तो प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर वरातीत नव्हे, तर त्या ध्वनीच्या पूर्वजांत शोधणे प्राप्त आहे.

पावरी हे सातपुडा व सह्याद्री यांच्या कुशीतील आदिवासी समाजांचे सुषिर वाद्य. साक्री, नवापूर, सुरगाणा आणि पलीकडील डांग या पट्ट्यात ते वाजते, आणि मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात त्याचे स्थान केवळ मनोरंजनाचे नसते. भोपळ्याची हवापेटी, तीत बसविलेल्या बांबूच्या नळ्या, नळीत कंप पावणारी जिभली आणि टोकाशी शिंगासारखा कर्णा, अशी त्याची सामान्य रचना. वारल्यांचा तारपा आणि गारुड्याची पुंगी ही याच कुळातील भावंडे. या कुळाचा एक विशेष लक्षात ठेवावयास हवा : जिभली वादकाच्या ओठांत नसते, भोपळ्याच्या पोकळीत असते. त्यामुळे वादकाला जिभेच्या आघाताने एक स्वर दुसऱ्यापासून तोडता येत नाही. श्वास गालांत साठवून वादन अखंड ठेवले जाते, आणि स्वरास्वरांतील भेद केवळ बोटे दाखवितात.

या ध्वनीची पहिली प्रतिकृती विजेवर झाली नाही. ब्रिटिश लष्करी पथकांच्या अनुकरणाने एकोणिसाव्या शतकात देशभर जी बँडपथके निघाली, त्यांतील क्लॅरिनेट हे वाद्य या कामी आपोआप लायक ठरले. कारण भौतिक आहे. एका टोकाशी जिभलीने बंद असलेली व सर्वत्र सारख्या व्यासाची नळी खालच्या सप्तकात मुख्यतः विषम क्रमांकाचे उपस्वर देते. पहिला, तिसरा, पाचवा हे ठळक, दुसरा व चौथा क्षीण. क्लॅरिनेटची नळी तशी, पुंगीची नळीही तशी. सनईची नळी मात्र शंकूसारखी पसरत जाते. म्हणून तिच्यात सम आणि विषम असे सर्वच उपस्वर येतात आणि तिचा स्वर निराळ्या जातीचा होतो. बँडमधील क्लॅरिनेटवाल्याने नागाची धून उचलली ती केवळ लोकांच्या फर्माइशीमुळे नव्हे. त्याच्या हातातील नळी त्या कामाला मुळातच जवळची होती.

विजेवरील प्रतिकृतीचा आरंभ १९५४ साली मुंबईत झालेला आढळतो. नंदलाल जसवंतलाल दिग्दर्शित 'नागिन' हा फिल्मिस्तानचा चित्रपट, संगीत हेमंतकुमार यांचे. त्यातील बीन प्रत्यक्ष बीन नव्हे. कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिन या विद्युत्-वाद्यावर आणि रवि यांनी हार्मोनियमवर ती वाजविली. क्लॅव्हिओलिन हे कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच अभियंत्याने १९४७ साली सिद्ध केलेले वाद्य. तीन सप्तकांचा लहान कळफलक, निर्वात नळ्यांचा आंदोलक, स्वतंत्र पेटीत ध्वनिवर्धक, गुडघ्याने ढकलावयाचा आवाजाचा दांडा. एका वेळी एकच स्वर निघे. पाश्चात्त्य वादकाला ही उणीव वाटत असली पाहिजे. बीन वाजवू पाहणाऱ्याला तीच सोय होती, कारण अखंड श्वासावर चालणाऱ्या वाद्याची चाल अशीच, एका स्वरातून दुसऱ्यात खंड न पडता जाणारी असते. बीनेचा खालचा अढळ आधारस्वर मात्र एकस्वरी यंत्रात मावणे शक्य नव्हते. जोडीला हार्मोनियम असण्याचा उपयोग येथे ध्यानात येतो. त्या पेटीतही धातूच्या जिभल्याच कंप पावतात, आणि तिच्यावर एक पट्टी दाबून धरता येते.

कळफलकाखालील खटक्यांची रांग हे क्लॅव्हिओलिनचे मर्म होते. आंदोलकातून येणारी विद्युत्-लहर उपस्वरांनी खचाखच भरलेली असते. तिचे ध्वनिवर्धकातील रूप नुसते कर्कश. खटका दाबला की ती लहर एखाद्या फिल्टरमधून, म्हणजे गाळणीतून, जाई. एक गाळणी वरचे उपस्वर अडवी व स्वर मऊ करी, दुसरी खालचे अडवून त्याला अनुनासिक धार देई. मूर्तिकार दगडातून नको तो भाग काढून टाकतो, तशी ही वजाबाकीची कला आहे. पुढील तीस वर्षांचे विद्युत्-संगीत बहुतांशी हिच्यावरच उभे राहिले.

'नागिन'च्या संगीताला १९५६ साली फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ते अर्थातच हेमंतकुमारांच्या नावे. वाद्याच्या पडद्यामागील कर्त्यांची दखल श्रेयनामावलीने घ्यावी अशी त्या काळची रीत नव्हती. पुढे कल्याणजी व रवि हे दोघेही स्वतंत्र संगीतकार म्हणून नावारूपास आले, म्हणूनच या एका ध्वनीचे कर्तृत्व आज निश्चित सांगता येते. इतर असंख्य ध्वनींच्या बाबतीत ती सोय नाही. त्याच वाद्याचा स्वर पश्चिमेत १९६२ साली 'टेलस्टार' या 'टॉर्नेडोज'च्या ध्वनिमुद्रिकेने घरोघरी पोचविला, तेव्हा तो अवकाशयुगाचा स्वर मानला गेला. मुंबईत त्याच्या आठ वर्षे आधी तो नागाचा स्वर झाला होता. यंत्र एकच, पण त्याला अर्थ देणारे श्रोते भिन्न.

यापुढील मोठे परिवर्तन रॉबर्ट मूग यांच्या नावाशी निगडित आहे. १९६४ पासून त्यांनी रचलेल्या सिंथेसायझरमध्ये गाळणीची सीमा खटक्याने नव्हे, विद्युत्-दाबाने हलविता येऊ लागली. म्हणजे एकाच स्वराच्या आयुष्यात ती उघडता व मिटता येऊ लागली. सीमेलगतचे उपस्वर मुद्दाम फुगविण्याची सोयही तीत होती. सीमेपलीकडे सप्तकागणिक २४ डेसिबलने ध्वनी उतरविणारी ही गाळणी, १९७० च्या मिनिमूगमधून सुटसुटीत रूपात वादकांच्या हाती आली, आणि १९७० च्या दशकाअखेरीस युरोपात ज्याला सिंथपॉप म्हणतात त्या संगीताची प्रमुख स्वररेखा तिच्यातून निघाली. भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच मूगचे यंत्र बसले होते. पण ते प्रयोगशाळेच्या भिंतीआड राहिले. लोकप्रिय संगीतातील वादकाने या साधनाशी रागाची गाठ घातली ती १९८२ साली मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या ध्वनिमुद्रिकेत. चरणजीत सिंग (१९४०–२०१५) यांनी ती रोलँड कंपनीच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ या तीन यंत्रांवर केली. त्या वेळी तिची फारशी वाच्यता झाली नाही. २०१० च्या पुनःप्रकाशनानंतर शिकागोतील 'अॅसिड हाउस'ची पूर्वसूरी म्हणून तिची जगभर चर्चा झाली. ही अग्रक्रमाची चर्चा काहीशी वांझ आहे. तिच्यात खरोखर पाहण्याजोगे आहे ते हे, की स्वरातून स्वरात घसरत नेण्याची या यंत्रांतील सोय मींडेच्या कामी लावता येते हे एका चित्रपट-वादकाने ओळखले.

या वजाबाकीच्या पद्धतीने पावरीचा स्वर घडवावयाचा तर काय करावे लागेल, हे वरील विवेचनावरून ठरविता येते. आरंभी करवती लहर घेणे चूक. तिच्यात सर्व उपस्वर असतात आणि तिच्यातून सनई निघते. विषम उपस्वरांची चौकोनी लहरच घ्यावयास हवी. गाळणीची सीमा मध्यम ठेवून सीमेलगतचा अनुनाद वाढविला की भोपळ्याची अनुनासिकता येते. येथे एक बारकावा आहे. सामान्यतः सिंथेसायझरवर गाळणीची सीमा पट्टीबरोबर वर सरकविली जाते, म्हणजे उंच स्वर मंद भासत नाहीत. पावरीसाठी हे सरकणे बंद करणे आवश्यक होय. कारण भोपळ्याचा आकार स्वरागणिक बदलत नाही, त्याचा अनुनाद सर्व स्वरांना सारखाच असतो. प्रत्येक पट्टीला नवा आघात मिळता कामा नये. ज्या पावरीत आधारस्वराची नळी असते, तिच्यासाठी दुसरा आंदोलक एकाच स्वरावर खिळवावा लागतो. आणि बांबूला पाडलेली भोके हार्मोनियमच्या पट्ट्यांशी जुळत नसल्याने स्वर वाकविण्याचे चाक वादकाच्या डाव्या हाताखाली सतत असावे लागते.

आजच्या कळफलकाची रीत मात्र बहुधा ही नाही. त्यात स्वर घडविला जात नाही. मुद्रित केलेला एखादा खरा स्वर स्मृतीत साठवून तो पट्ट्यापट्ट्यांवर वेगाने वा संथ गतीने फिरविला जातो. एकच पट्टी दाबून ऐकले तर चौकोनी लहरीतून गाळलेल्या स्वरापेक्षा हा स्वर अधिक अस्सल वाटेल. परंतु मुद्रित स्वर मूळच्या उंचीपासून जसजसा दूर नेला जातो, तसतसा त्याच्याबरोबर भोपळ्याचा अनुनादही वर वा खाली जातो. वरच्या पट्टीवर भोपळा लिंबाएवढा, खालच्या पट्टीवर माठाएवढा. मूळ मुद्रणात आधारस्वर मिसळलेला असेल तर आणखी विपरीत घडते : जो स्वर अढळ राहावयाचा, तोच धुनेबरोबर पायऱ्या चढू-उतरू लागतो. नंतर बसविलेली गाळणी स्वराची धार कमी-अधिक करील, पण ही हालचाल थोपविणे तिच्या शक्तीबाहेरचे आहे. अनेक पट्ट्यांसाठी अनेक स्वर स्वतंत्रपणे मुद्रित करणे हा उपाय आहे. मात्र त्यासाठी पावरीवादकाला समोर बसवून पुष्कळ वेळ खर्चावा लागतो, आणि तयार 'टोन' एका वादकाकडून दुसऱ्याकडे हातोहात जात असता तेवढी यातायात कोण करणार?

पुंगीची वाट यापूर्वीच बिकट झाली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग बाळगण्यास प्रतिबंध झाल्यावर गारुड्याचा व्यवसाय ओसरला, आणि शहरातील बहुसंख्य श्रोत्यांना बीन म्हणजे क्लॅव्हिओलिनच ठाऊक राहिली. पावरीची स्थिती तशी नाही. ती डोंगऱ्यादेवापुढे अजून वाजते, तिचे वादक व ती तयार करणारे हात अजून आहेत. म्हणूनच येथे तुलना शक्य आहे. १९२६ साली राजवाडे यांच्या निधनानंतर धुळ्यात उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने खानदेशचा कागद जपला. ध्वनीचे तसे दप्तर बांधावयाचे झाल्यास प्रत्येक मुद्रणासोबत वाद्याची लांबी, भोकांची अंतरे, आधारस्वराच्या नळीची उंची आणि वादनप्रसंग यांची नोंद असली पाहिजे. त्याच दप्तरात वरातीतील कळफलकाचा 'पावरी टोन'ही, त्याच्या यंत्राच्या नावानिशी, वेगळ्या पानावर नोंदला जावयास हवा.