कचेरी, खातेवही आणि जात

जॉन डोलार्ड ह्या अमेरिकन अभ्यासकाचे ‘कास्ट अँड क्लास इन ए सदर्न टाउन’ हे पुस्तक 1937 साली प्रसिद्ध झाले. पुस्तकात गावाचे खरे नाव नाही. त्याला ‘सदर्नटाउन’ असे टोपणनाव दिले आहे. हॉर्टेन्स पावडरमेकर ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1932 ते 1934 च्या दरम्यान त्याच गावी राहून अभ्यास केला आणि 1939 च्या ‘आफ्टर फ्रीडम’ ह्या पुस्तकात त्याला ‘कॉटनव्हिल’ म्हटले. दोन्ही टोपणनावांमागचे गाव एकच : मिसिसिपी राज्यातील सनफ्लॉवर काउंटीचे मुख्य ठिकाण, इंडियानोला. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग आणि इंडियानोला म्हणजे त्याचे कचेरीचे गाव. कोर्ट तिथेच, बँका तिथेच, बाजार तिथेच.

डोलार्ड इंडियानोलात होते ते साल 1935. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. काळ्या-गोऱ्यांच्या नात्याला नाव देण्यासाठी अमेरिकन पंडितांनी आपल्याकडचा ‘जात’ हा शब्द उचलला, आणि ज्यांनी ती जात अंगावर सोसली ते त्याच सुमारास ती मोडायला उभे राहिले होते. हा योगायोग असेल. परंतु त्यामुळे ह्या लहानशा गावाचा इतिहास आपण आपल्या प्रश्नांच्या उजेडात वाचला पाहिजे. जात ही मनोवृत्ती आहे, शिक्षण वाढले की ती आपोआप जाईल, असे आमच्या प्राध्यापकवर्गात आजही मोठ्या समजूतदारपणे सांगितले जाते. इंडियानोलाचा इतिहास हा दावा खोटा पाडतो.

गावाच्या मधून रेल्वेचा रूळ गेलेला. रुळाच्या एका बाजूस गोरे, दुसऱ्या बाजूस काळे. काळ्या माणसाने गोऱ्याच्या घरी पुढच्या दाराने जायचे नाही. गोरा मनुष्य काळ्याला ‘मिस्टर’ वा ‘मिसेस’ लावणार नाही. म्हाताऱ्यालाही नुसत्या नावाने हाक मारील. पावडरमेकरबाई काळ्या स्त्रियांना ‘मिसेस’ म्हणत, तर तोही रिवाजाचा भंग ठरे. ज्यांच्या वाडवडिलांनी ‘जोहार मायबाप’ म्हणत वेशीबाहेर जन्म काढला आणि उत्तरादाखल ‘अरे-तुरे’ ऐकले, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु केवळ मानापमानावर ही व्यवस्था उभी नव्हती. डोलार्ड यांनी स्वच्छ विचारले : ह्यातून गोऱ्यांना मिळते काय? त्यांनी तीन लाभ सांगितले. आर्थिक लाभ, लैंगिक लाभ आणि प्रतिष्ठेचा लाभ. गोऱ्या पुरुषाला काळ्या स्त्रीपर्यंत पोचण्यास आडकाठी नव्हती. काळ्या पुरुषावर मात्र नुसता संशय आला तरी झाडाला लटकावले जाण्याची भीती होती. विषमता हा गैरसमज नव्हे, तो कुणाचा तरी फायदा असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आर्थिक लाभाचे यंत्र म्हणजे मळेवाल्याची खातेवही. काळे कुटुंब अर्धेलीने कापूस पिकवी. हंगाम हाती येईपर्यंत मळेवाला खावटी देई, ती व्याजासह वहीत मांडी. कापूस विकल्यावर वर्षअखेर हिशेब होई. वही त्याची, लेखणी त्याची, आणि हिशेबावर शंका घेणे म्हणजे जिवावर बेतणे. आपल्या सावकाराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची भाषा कळते.

दुसरे यंत्र म्हणजे कचेरी. 1890 साली मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. तीत मतदानासाठी डोईपट्टी आली, आणि घटनेचे कलम वाचून दाखविण्याची किंवा त्याचा अर्थ सांगण्याची अट आली. कायद्यात ‘काळा’ हा शब्द नव्हता; त्याची जरूरही नव्हती. अर्थ बरोबर की चूक हे ठरविणारा कारकून गोरा होता, एवढे पुरे होते. 1960 नंतरच्या पहिल्या वर्षांतही सनफ्लॉवर काउंटीत 13 हजारांहून अधिक पात्र काळ्यांपैकी मतदार म्हणून नोंदलेले दोनशेही नव्हते.

मे 1954 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत इंडियानोलातच पहिली ‘सिटिझन्स कौन्सिल’ स्थापन झाली. तिच्यात गावगुंड नव्हते. गावातली प्रतिष्ठित, शिकलीसवरलेली मंडळी होती. त्यांचे मुख्य हत्यार बंदूक नव्हे, बहिष्कार होते. मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्याची, शाळेच्या अर्जावर सही करणाऱ्याची नोकरी जाई, कर्ज थांबे, उधारी बंद होई. काळ्यांच्या हक्कांसाठी उभे राहिलेले गावातले काळे डॉक्टर क्लिंटन बॅटल यांचा व्यवसाय असाच मोडला आणि त्यांना गाव सोडावे लागले. आपल्याकडे 1930 च्या स्टार्ट समितीने मुंबई इलाख्यातील सामाजिक बहिष्काराची नोंद केली होती आणि बाबासाहेब तिचा वारंवार आधार घेत. महाडचे पाणी असो की इंडियानोलाची मतदारयादी, हक्क मागणाऱ्याचे पोट आवळणे ही युक्ती एकच. शिक्षणाने जात जाते म्हणणाऱ्यांनी ह्या कौन्सिलातील शिक्षित सभासदांचे काय करायचे ते सांगावे.

31 ऑगस्ट 1962 रोजी रूलव्हिलहून 18 माणसे जुन्या बसने इंडियानोलाच्या कचेरीत नाव नोंदवायला गेली. त्यांत फॅनी लू हेमर होत्या. वय 44, वीस भावंडांतले शेंडेफळ, मळ्यावर मजुरांची हजेरी आणि कापसाचे वजन लिहिण्याचे काम. कारकुनाने त्यांना राज्यघटनेचे एक किचकट कलम दिले. त्यांना नापास केले. परतताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा असा की बसचा रंग शाळेच्या बससारखा फारच पिवळा होता! बसमधली माणसे घाबरली, तेव्हा हेमरबाई गाऊ लागल्या. त्याच दिवशी मळेवाल्याने सांगितले : अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षांचा आसरा सोडून त्या निघाल्या. कचेरी आणि खातेवही ही दोन वेगळी यंत्रे नव्हती, हे त्या एका दिवसात उघड झाले.

जानेवारी 1963 मध्ये त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. ऑगस्ट 1964 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी देशासमोर साक्ष दिली. 1965 साली मतदान हक्काचा कायदा झाला. त्याच वर्षी काउंटीतील सनफ्लॉवर ह्या छोट्या गावात झालेली निवडणूक, काळ्यांना नोंदणीची रास्त संधी न देता घेतली म्हणून, हेमरबाईंच्या दाव्यावरून न्यायालयाने 1966 साली अवैध ठरविली. 1967 च्या फेरनिवडणुकीत मात्र काळे उमेदवार हरले. मत मिळाले, पण पोट अजून दुसऱ्याच्या हाती होते. हेमरबाईंना हे कळले होते. म्हणून 1969 साली त्यांनी ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती काढली. 1964 साली आपल्याकडे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यामागचा विचार हाच होता. पुढे पैशाअभावी फ्रीडम फार्म टिकले नाही. 1977 साली हेमरबाई गेल्या.

लढा तिथे संपला नाही. शाळा एकत्र करण्याची वेळ आली तेव्हा इंडियानोलातील बहुतेक गोऱ्यांनी मुले खासगी शाळेत घातली. सरकारी शाळांत दहापैकी नऊहून अधिक मुले काळी; तरी 1986 साली शाळा मंडळाने अनुभवी काळे शिक्षक रॉबर्ट मेरिट यांना डावलून गोऱ्या माणसास प्रमुख नेमले. काळ्या वस्तीने मुले शाळेतून काढली आणि गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. 37 दिवसांनी मंडळ नमले. मेरिट प्रमुख झाले. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या गावाने बहिष्काराचे हत्यार परजले, त्याच गावात ते उलटवले गेले.

काळे समाजशास्त्रज्ञ ऑलिव्हर कॉक्स यांनी 1948 साली डोलार्डसारख्यांवर टीका केली. वंशभेदाचे मूळ भांडवलशाहीत आहे हे त्यांचे म्हणणे मोलाचे आहे. परंतु हिंदू जातव्यवस्था स्थिर आहे, खालच्यांनी ती मान्य केलेली आहे, म्हणून तुलना चुकीची, हे त्यांचे गृहीत आपण साफ नाकारले पाहिजे. ‘गुलामगिरी’ 1873 ची. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना जोतीरावांनी ती अर्पण केली. महाड 1927 चे. ह्यात मान्यता कुठे दिसते? ग्रंथांतून जात पाहणाऱ्याला शांतता दिसते. वेशीबाहेरून पाहणाऱ्याला झगडा दिसतो.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्याच्या गावाचा असाच अभ्यास करावा. गायरानाची नोंद कुणाच्या हाती आहे, पतपेढीचे कर्ज कोण मंजूर करतो, शाळा समितीत कोण बसतो, बहिष्काराची बैठक कुणाच्या ओट्यावर भरते, हे नावनिशीवार लिहून काढावे. जातीचा पत्ता मनात शोधत बसू नये. तो कचेरीच्या दप्तरात लिहिलेला असतो. आणि हेमरबाई एकट्या गेल्या नव्हत्या, सतरा जणांना बरोबर घेऊन गेल्या होत्या, हेही विसरू नये.