तगाईपासून सूर्यघरापर्यंत
(नभोवाणीवरील भाषण)

सरकारनें प्रजेला पैसा द्यावा आणि प्रजेनें त्या पैशांतून सर्वांच्या हिताचें कांहीं उभारावें, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. आज घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसविण्यास सरकार अनुदान देतें, शेतांतील पंप उन्हावर चालावा म्हणून साह्य करितें. हें सर्व नव्या युगाचें लेणें आहे असें आपणांस वाटतें. परंतु या प्रथेचें मूळ आपल्या महसुलाच्या जुन्या दप्तरांत सांपडतें आणि तेथें तिचें नांव तगाई असें आहे. धुराविण इंधन आणि कोळशाविण वीज मिळावी म्हणून सरकारनें गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कसकसें साह्य केलें, त्यांतलें काय टिकलें, काय मोडलें व कां मोडलें, याचा विचार आज करावयाचा आहे.

आरंभ शिवकालापासून करूं. इ. स. १६७६ मध्यें शिवाजी महाराजांनीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. सुभेदारानें कष्ट करून गांवोगांव फिरावें, तेथील कुणबी गोळा करावे, कोणाजवळ माणूसबळ आणि बैल किती आहेत तें पाहावें. ज्याजवळ बैल नाहींत त्यास बैलांकरितां पैका व पोटाकरितां दाणा द्यावा. आणि दिलेल्या रकमेवर वाढीदिढी न आकारतां नुसतें मुद्दल त्याला शक्ति येईल तसतसें हळूहळू उगवून घ्यावें, असा त्या पत्राचा आशय आहे. यांतील क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. आधीं पाहणी, मग देणें, आणि दिल्यानंतर पुढें सांभाळणें, अशीं हीं तीन पावलें आहेत. पुढील सारा इतिहास म्हणजे यांतील दुसरें पाऊल तेवढें उचलून पहिलें व तिसरें विसरण्याचा इतिहास आहे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

इंग्रजी अमलांत तगाईला कायद्याचें रूप आलें. विहिरी, ताली, बांध अशा जमिनीच्या सुधारणांसाठीं १८८३ सालीं आणि बीं-बैलांच्या खरेदीसाठीं १८८४ सालीं कर्जाचे दोन कायदे झाले. हेतु चांगला होता. परंतु अर्ज, तपासणी, जामीन, मंजुरी या पायऱ्या चढेपर्यंत पेरणीचा हंगाम निघून जाई, आणि शेतकरी पुन्हां सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसे. १९५१-५२ मध्यें ग्रामीण कर्जाची जी देशव्यापी पाहणी झाली तींत असें आढळलें कीं, शेतकऱ्यांनीं काढलेल्या एकंदर कर्जांपैकीं सरकारकडून मिळालेला भाग शेंकडा तीनच्या आसपास होता. सत्तर वर्षें कायदा पुस्तकांत होता. शेतापर्यंत तो इतकाच पोंचला.

आतां ऊर्जेकडे वळूं. शेणाच्या गोंवऱ्या थापून जाळल्या म्हणजे खतही गेलें आणि डोळ्यांत धूरही आला, हें दुःख आपल्या खेड्यांतील स्त्रियांनीं पिढ्यान् पिढ्या सोसलें. तेंच शेण पाण्यांत कालवून हवाबंद टाकींत कुजविलें तर जळणारा वायु मिळतो आणि खालीं राहिलेला रबडा उत्तम खत होतो, ही युक्ति शास्त्रज्ञांना ठाऊक होती. मुंबईंत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ च्या सुमारास मैल्यापासून असा वायु मिळविण्यांत आला होता. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत श्री. एस. व्ही. देसाई यांनीं शेणावर प्रयोग केले. १९५१ मध्यें श्री. जशभाई पटेल यांनीं वर-खालीं तरंगणाऱ्या लोखंडी झांकणाचा संच तयार करून त्यास ‘ग्रामलक्ष्मी’ हें सुंदर नांव दिलें. खादी व ग्रामोद्योग आयोगानें १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत हा संच हातीं घेतला आणि अनुदान व कर्ज देऊन त्याचा प्रसार चालविला. स्वच्छ इंधनासाठीं सरकारी साह्य देण्याचा हा आपल्याकडील पहिला मोठा उपक्रम होय.

१९७३ सालीं खनिज तेलाचे भाव कांहीं महिन्यांतच जवळजवळ चौपट झाले, आणि परदेशी तेलावर विसंबलेल्या देशांची झोंप उडाली. मग सरकारी यंत्रणा हालूं लागली. १९८१ मध्यें केंद्रांत ऊर्जेच्या नव्या साधनांसाठीं एक आयोग नेमला गेला. १९८२ मध्यें अपारंपरिक ऊर्जेचें स्वतंत्र खातें निघालें. १९९२ मध्यें त्याचें मंत्रालय झालें. १९८५ मध्यें महाराष्ट्रांत ‘महाऊर्जा’ ही संस्था स्थापन झाली. अशा प्रकल्पांना कर्ज देण्यासाठीं १९८७ मध्यें ‘इरेडा’ ही केंद्र सरकारची वित्तसंस्था उभी राहिली. म्हणजे पैसा होता, खातें होतें, माणसेंही होतीं. १९८१-८२ मध्यें गोबर गॅसची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि संचाच्या आकारमानाप्रमाणें व लाभार्थ्याच्या वर्गाप्रमाणें अनुदान ठरविण्यांत आलें. लोखंडी झांकण महाग पडतें व गंजतें म्हणून विटांच्या घुमटाचे ‘जनता’ आणि ‘दीनबंधु’ हे स्वस्त संच निघाले. आजवर देशांत असे घरगुती संच सुमारें पन्नास लाख बांधले गेले आहेत. ही कामगिरी लहान नव्हे.

परंतु बांधले किती हा एक प्रश्न आणि चालू किती हा दुसरा. दोन घनमीटरच्या संचाला रोज सुमारें पन्नास किलो शेण लागतें, म्हणजे चार-पांच मोठीं जनावरें दावणीला हवींत. तितकेंच पाणीही ओतावें लागतें. दुष्काळांत एक म्हैस विकली किंवा उन्हाळ्यांत विहीर आटली कीं संच उपाशी राहतो. थंडींत वायु कमी सुटतो. टाकींत साय धरली, घुमटाला चीर गेली, नळींत पाणी सांचलें, तर दुरुस्त करणारा जाणता गवंडी तालुक्याच्या गांवींही भेटत नसे. बांधणीसाठीं अनुदान होतें, आणि त्या अनुदानाचे आंकडे वर कळविण्याची घाई होती. दुरुस्तीसाठीं जें अल्पस्वल्प ठेविलें होतें तें गरजूपर्यंत क्वचितच पोंचे. ज्या घरीं गुरें, पाणी आणि काळजी घेणारा माणूस हीं तिन्ही होतीं, तेथें संच वर्षानुवर्षें चालला. जेथें यांतील एकही कमी होतें, तेथें तो खड्डा होऊन राहिला.

निर्धूर चुलीची कथा तर याहूनही बोलकी आहे. १९८३-८४ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारच्या योजनेंतून देशांत तीन कोटींहून अधिक सुधारलेल्या चुली बसविल्या गेल्या. मातीची चूल ती. दोन-तीन पावसाळ्यांत तडकणार हें कोणत्याही गृहिणीनें सांगितलें असतें. पण तिला विचारलें कोणीं? भाकरीचा तवा त्या तोंडावर नीट बसतो कीं नाहीं, सरपण केवढें तोडावें लागतें, धुराड्याची काजळी कोण काढणार, हे प्रश्न जिच्या हातचे, ती उद्दिष्टांच्या तक्त्यांत कोठेंच नव्हती. चुलीचा आंकडा कागदावर चढला, आणि कित्येक घरांत शेजारीं पुन्हां तीन दगड मांडले गेले.

गरिबांच्या अज्ञानामुळें असें घडलें, असें कोणी म्हणेल. त्यांनीं आतां साताऱ्याकडे पाहावें. पाटण तालुक्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर उंच पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. १९९० नंतरच्या दशकांत सरकारनें पवनचक्क्यांना जें उत्तेजन दिलें तें रोख रकमेचें नव्हतें, आयकराच्या सवलतीचें होतें. एखाद्या नफ्यांतील कंपनीनें पवनचक्की उभारली तर तिची सबंध किंमत पहिल्याच वर्षीं घसारा म्हणून नफ्यांतून वजा करतां येई. साहजिकच मार्चअखेर जवळ आली कीं चक्क्या उभारण्याची धांदल उडे. येथें तर शिकलेले, हिशेबी, धनवान लोक होते. तरीही सवलत उभारणीवर होती, वाऱ्यावर नव्हती. म्हणून चक्की किती फिरते यापेक्षां ती केव्हां उभी राहते याकडे अनेकांचें लक्ष अधिक राहिलें. माणूस श्रीमंत असो वा गरीब, ज्या गोष्टीवर पैसा मिळतो तीच गोष्ट तो करितो, हा व्यवहाराचा नियम आहे.

हें ओळखूनच २००९ च्या डिसेंबरांत सरकारनें वेगळी रीत योजिली. घसाऱ्याची जादा सवलत न घेणाऱ्यास, त्यानें वीजवाहिनींत सोडलेल्या प्रत्येक युनिटमागें ५० पैसे मिळावे, असें ठरलें. चक्की फिरली तर पैसा, थांबली तर नाहीं! शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर हें प्रवेशावर बक्षीस न देतां उत्तीर्ण होण्यावर देण्यासारखें झालें. परंतु २०१२ सालीं घसाऱ्याची सवलत आणि हें युनिटामागचें साह्य हीं दोन्ही एकदमच बंद पडलीं, आणि त्या वर्षीं नव्या पवनचक्क्यांची उभारणी जवळजवळ निम्म्यावर आली. पुढें २०१३ मध्यें युनिटामागचें साह्य व २०१४ मध्यें घसारा पुन्हां सुरू झाला. २०१७ मध्यें घसारा निम्म्यानें उतरविला गेला. साह्य कसें द्यावें याइतकेंच, तें एकाएकी तोडूं नये, हेंही यांतून शिकावयाचें आहे.

आतां सूर्याकडे येऊं. २०१० मध्यें राष्ट्रीय सौर अभियान निघालें. २०२२ पर्यंत वीस हजार मेगावॅट हें त्याचें मूळ उद्दिष्ट २०१५ मध्यें एक लाख मेगावॅटवर नेण्यांत आलें. २०१९ मध्यें शेतकऱ्यांसाठीं ‘कुसुम’ योजना मंजूर झाली. तींत सौर पंपाच्या खर्चापैकीं शेंकडा ३० केंद्रानें, ३० राज्यानें व उरलेला भाग कर्जासह शेतकऱ्यानें सोसावा, अशी मूळ वांटणी होती. महाराष्ट्रानें शेतकऱ्याचा वांटा १० टक्क्यांवर आणि अनुसूचित जाति-जमातींसाठीं ५ टक्क्यांवर आणला. रात्रीं वीज आली म्हणजे कंदील घेऊन विंचूकाट्यांतून पाणी पाजावयास जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाउजेडीं पाणी मिळणें ही केवढी गोष्ट आहे, तें शहरांत राहणाऱ्यांना सहज उमगावयाचें नाहीं.

घरांसाठीं २०२४ च्या फेब्रुवारींत ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजना मंजूर झाली. ७५,०२१ कोटि रुपये आणि एक कोटि घरें असा तिचा संकल्प असून, २०२६-२७ पर्यंतची मुदत तिला घालण्यांत आली. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये असें अनुदान तींत ठरलें. गृहनिर्माण संस्थांना जिना, पंप, लिफ्ट अशा सामाईक विजेसाठीं किलोवॅटला १८,००० रुपये ठेविले. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि दिवसाला सुमारें चार युनिट वीज मिळते. या योजनेंत पूर्वीच्या चुकांपासून थोडा बोध घेतलेला दिसतो. पॅनेल बसून, मीटर लागून, वीज सुरू झाल्यावरच रक्कम घरमालकाच्या खात्यांत जमा होते. आणि पहिलीं पांच वर्षें देखभाल करण्याची जबाबदारी बसविणाऱ्यावर टाकलेली आहे. म्हणजे जुन्या पत्रांतील तिसरें पाऊल, थोडेंबहुत कां होईना, आतां कागदावर आलें आहे.

कोणी म्हणेल, उभारणीला साह्य दिलेंच नसतें तर गरिबाच्या घरीं गोबर गॅस कधीं आला असता काय? प्रश्न रास्त आहे. पहिला खर्च हाच गरिबाच्या वाटेंतला मोठा धोंडा असतो आणि तो सरकारनेंच उचलला पाहिजे. माझें म्हणणें एवढेंच कीं, धोंडा उचलल्यावर वाट संपत नाहीं. शंभर रुपयांतले दहा दुरुस्तीसाठीं, गवंड्याच्या शिक्षणासाठीं आणि पांच वर्षांनीं पुन्हां जाऊन पाहण्यासाठीं राखून ठेविले असते, तर उरलेले नव्वद अधिक फळले असते.

आणि हें सर्व ओझें सरकारवरच टाकून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. अनुदानाचा अर्ज भरण्यापूर्वीं प्रत्येक घरानें आपली स्वतःची पाहणी करावी. शेजारच्या इमारतीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली गच्चीवर किती वेळ पडते? आपला महिन्याचा वीजवापर किती? पॅनेलवरची धूळ कोण पुसणार? पांच वर्षांचा करार संपल्यावर दुरुस्तीला कोण येणार आणि त्यासाठीं दरमहा चार पैसे बाजूला टाकले जाणार आहेत काय? या प्रश्नांचीं उत्तरें ज्या घरांत तयार आहेत, त्यानें अनुदान अवश्य घ्यावें. तो त्याचा हक्क आहे. ज्या घरांत तीं नाहींत, त्यानें आधीं तीं शोधावीं.

कारण सरकारी पैसा म्हणजे आकाशांतून पडलेला पैसा नव्हे. तो तुमच्या-आमच्या करांतून, आणि ज्याच्या घरावर गच्चीच नाहीं अशा मजुरानें काड्याची पेटी विकत घेतांना दिलेल्या करांतूनही, जमा झालेला असतो. त्या पैशांतून बसविलेलें पॅनेल दोन वर्षांत धूळ खात पडलें, तर नुकसान एका घराचें होत नाहीं. पुढच्या मागणाराचा विश्वास उडतो आणि देणाराचा हात आंखडतो. सूर्य रोज न चुकतां आपलें काम करीत आला आहे. त्याच्या उन्हाची वीज करण्याचें काम मात्र आपलें आहे, आणि तें एका दिवसाच्या उद्घाटनानें होत नसून रोजच्या निगराणीनें होतें.